मताचा हक्क आयता मिळाला नाही
बायकांच्या मताधिकारावरचा तुमचा लेख चांगलाय, पण "भारतीय बायकांना मताधिकार न मागताच घटनेबरोबर मिळाला" हे वाक्य अजिबात पटलं नाही. अहो १९१७ मध्येच सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ मताचा हक्क मागायला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रासला भेटलं होतं, मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो कमिटीने ही मागणी फेटाळली तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, तिथे ठिकठिकाणी भाषणं केली, तरी ब्रिटिशांनी निर्णय प्रांतांवर ढकलला. मग १९२१ ला आधी मद्रास आणि नंतर मुंबई प्रांताने हक्क दिला, तोही मालमत्तेच्या अटीवर! म्हणजे शेतात राबणारी, गिरणीत जाणारी बाई बाहेरच. १९३५ च्या कायद्यात सुद्धा स्वतःची किंवा नवऱ्याची मालमत्ता नाहीतर शिक्षण बघूनच मत. याला न मागता मिळालं कसं म्हणायचं?

आणि सगळ्यांना हक्क मिळाल्यावरही पहिल्या निवडणुकीच्या यादीत लाखो बायकांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी, कारण परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायची रीतच नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही असं ठरवलं, बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली, तरी जवळपास २८ लाख बायकांची नावं गळली. मला सेन यांचं बरोबरच वाटतं, पण त्या २८ लाख जणींचं फार वाईट वाटतं. हेराबाई आणि मिठन यांच्यावर प्लीज एक वेगळा लेख लिहा.