‘ताई, पुस्तकात छापलंय ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांच्या वंशावळी कशा तपासायच्या, या माझ्या मागच्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (बर्कचा ग्रंथ म्हणजे ‘बर्क्स पीअरेज’, उमराव घराण्यांच्या वंशावळींचं छापील पुस्तक): “ताई, बर्कच्या जगन्मान्य ग्रंथातली वंशावळ खोटी ठरवणाऱ्या तुम्ही कोण? त्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या झाल्या, त्याबद्दल एक अक्षर नाही. शीर्षकात युरोप, आत सगळं इंग्लंड. बॅरोनेटला उमराव म्हटलंय. एक तारीख तर 1640/41 अशी दिली आहे, म्हणजे साल कोणतं तेही ठरवता आलेलं नाही. विकिपीडिया जुळवून लिहिलेलं दिसतं.”

आधी ‘ताई’बद्दल. आपली ओळख नाही, देख नाही. मी ताई कोणाची, हे माझी धाकटी भावंडं ठरवतात. आपुलकीने म्हणाला असतात तर प्रश्न नव्हता, पण ‘तुम्ही कोण?’च्या आधी लावलेलं ताई आपुलकीचं नसतं, हे मराठी वाचणाऱ्या कोणालाही कळतं. आणि विकिपीडियाचं म्हणाल, तर गेली सतरा वर्षं मी याच कागदांत बसले आहे. सतराव्या शतकातली इंग्रजी मोडी (हो, त्यांचीही एक ‘मोडी’ आहे, ‘सेक्रेटरी हँड’ नावाची) वाचता येत नसेल त्याने मला कुठून जुळवलं हे विचारू नये.

बॅरोनेटचं मान्य. चूक माझी. बॅरोनेटची पदवी वंशपरंपरेने चालते, पण तो उमराव नव्हे. त्याची जागा बॅरनच्या खाली आणि त्या पदवीच्या जोरावर उमरावांच्या सभागृहात बसता येत नाही. पहिल्या जेम्सने 1611 साली ही पदवी काढली ती पैशांसाठी. आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टरमध्ये 30 शिपाई तीन वर्षं पोसायचा खर्च द्या आणि ‘सर’ व्हा. शिपायाला रोजचे 8 पेन्स, तिसांचे 240, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने बरोबर एक पौंड. तीन वर्षांचे दिवस 1,095, म्हणून किंमत 1,095 पौंड. वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता ‘तुम्ही कोण?’ मी कोणीही नसले तरी चालतं. प्रश्न कागद कोणता, हा असतो. जॉन बर्कचं पुस्तक 1826 साली निघालं. माहिती बहुतांशी त्या त्या घराण्याने स्वतःच पुरवलेली. एखाद्याने ‘आमचा मूळपुरुष 1066 साली विजेत्या विल्यमबरोबर आला’ असं कळवलं की ते छापलं जायचं. ज्या लढाईत विल्यमने इंग्लंड जिंकलं त्या हेस्टिंग्सच्या लढाईत त्याच्या बाजूने हजर होते असं समकालीन पुराव्याने म्हणता येईल अशी नावं जेमतेम वीसएक आहेत. पूर्वज मात्र शेकडो घराण्यांचे आले! बर्कचा मुलगा बर्नार्ड पुढे आयर्लंडचा राजमुद्राधिकारी (घराण्यांची ढालीवरची चिन्हं आणि वंशावळी नोंदवणारा सरकारी अधिकारी), म्हणजे ‘अल्स्टर किंग ऑफ आर्म्स’ झाला, त्यामुळे पुस्तकाचं वजन वाढलं. पुरावा वाढला नाही. इतिहासकार फ्रीमनने 1877 मध्येच यावर कोरडे ओढले होते. मी नवीन काही सांगत नाही.

उदाहरण देते, कारण ‘जगन्मान्य’ हा शब्द मला झोंबला आहे. डेन्बीचे अर्ल फील्डिंग. मूळचं हे मध्य इंग्लंडातलं जमीनदार घराणं. 1622 मध्ये अर्लपद मिळालं, कारण विल्यम फील्डिंग हा राजाच्या मर्जीतल्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमच्या बहिणीचा नवरा. त्याच शतकात घराण्याला एक दिव्य पूर्वज सापडला. जॉफ्री नावाचा हाब्सबुर्ग काउंट, म्हणजे पुढे ऑस्ट्रियाचे सम्राट झालेल्या घराण्यातला, म्हणे तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीच्या काळात इंग्लंडात आला आणि ऱ्हाइनफेल्डेन या गावावरून ‘फील्डिंग’ झाला. डगडेलसारख्या जाणत्या राजमुद्राधिकाऱ्याने ही कथा छापली, इतिहासकार गिबनने खरी मानली, बर्कने वर्षानुवर्षं चालवली. ढालीमागे दोन तोंडांचा शाही गरुडसुद्धा आला. 1901 मध्ये वंशावळींचा अभ्यासक होरेस राउंडने ज्या सनदांवर हे उभं होतं त्याच सनदा काढून वाचल्या. त्या मागाहून बनवलेल्या निघाल्या. म्हणजे सव्वादोनशे वर्षं सगळ्या जगाला मान्य असलेली गोष्ट एका माणसाने मूळ कागद उघडल्यावर पडली. त्यालाही कोणीतरी ‘आपण कोण?’ विचारलंच असेल.

मग तपासायचं कसं? लेखात लिहिलं होतं, ते आपण बहुधा वगळलंत. आजपासून मागे जायचं, मूळपुरुषापासून पुढे नाही. प्रत्येक बापलेकाच्या सांध्याला निदान दोन स्वतंत्र कागद हवेत. चर्चच्या नोंदी 1538 पासून आहेत, पण 1642 ते 1660 या यादवीच्या आणि नंतरच्या काळात त्यांना मोठी भगदाडं आहेत. तिथे बिशपकडे पाठवलेल्या नकला बघायच्या, आणि त्याही नसतील तर मृत्युपत्रं. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टातली 1384 ते 1858 ची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘प्रॉब 11’ या मालिकेत आहेत.

मृत्युपत्रात दोन खड्डे आहेत. थोरल्या मुलाचं नाव नसलं तर तो मेला असं धरू नका. जमीन लग्नाच्या करारातच त्याच्या नावे बांधलेली असते, मृत्युपत्रात वाटतात ते उरलेलं. दुसरा खड्डा नात्यांचा. आपल्याकडे भाऊ, मेहुणा, साडू, दीर यांना वेगवेगळे शब्द आहेत. त्यांच्याकडे सगळे ‘ब्रदर’. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल किंवा सावत्र मुलगा, ‘कझिन’ म्हणजे पुतण्यासुद्धा. ‘माझा ब्रदर टॉमस’ वाचून बापाला एक नवा मुलगा चिकटवला, की चारशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या माहेरची जमीन सासरच्या रक्तात जाते.

राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला की पंच बसायचे. मृत कधी वारला, जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय, असा तो आपल्या पंचनाम्यासारखा कागद. तेराव्या शतकापासून सतराव्याच्या मध्यापर्यंतचे हे पंचनामे मिळतात. ट्यूडर आणि स्टुअर्ट काळातले क्यूलाच ‘सी 142’ मध्ये आहेत, आणि चान्सरी या राजाच्या कचेरीची ही प्रत उंदरांनी खाल्ली असेल तर ‘ई 150’ किंवा ‘वॉर्ड 7’ मध्ये दुसरी प्रत शोधायची. आता हे बघा. वारसाचं वय ‘30 वर्षं आणि अधिक’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ एवढाच, की तो सज्ञान आहे. तो चाळीस, पन्नास, कितीही असेल. लोक तीस वजा करून जन्मसाल लिहितात आणि ते पुढच्या दहा वंशावळींत जातं. उलट वारस अज्ञान असेल तर वय वर्षं-महिन्यांपर्यंत असतं, कारण अज्ञान वारसाची पालकी ही राजाची मिळकत होती. पैसा असतो तिथे नोंद चोख असते.

घराण्यांच्या वंशावळी जागेवर जाऊन नोंदवण्यासाठी राजमुद्राधिकाऱ्यांच्या ‘व्हिजिटेशन’ फेऱ्या 1530 ते 1688 या काळात झाल्या. त्या नोंदींच्या छापील खंडांवर भरवसा ठेवावा असं वाटत असेल तर थांबा. हार्लियन सोसायटीने 1869 पासून छापलेल्या अनेक खंडांत मूळ नोंद कोणती आणि नंतर कोणी घुसडलेली कोणती, हे वेगळं दाखवलेलंच नाही. उमरावांसाठी जी. ई. कोकेन या वंशावळकाराचं ‘कंप्लीट पीअरेज’ बरं. दुसरी आवृत्ती 1910 ते 1959, तळटीपांत पुरावा. पण त्यात पदवी धारण करणारेच येतात, धाकटे मुलगे नाहीत, आणि आपण शोधत असतो तो बहुतेक वेळा धाकटाच.

1640/41 बद्दल. ही चूक नाही, महाशय. त्याच्यावर हसून आपण जे सिद्ध केलंत ते उलटंच आहे. 1751 पर्यंत इंग्लंडात वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. 1 जानेवारी ते 24 मार्चच्या तारखा कागदावर जुन्या सालात पडतात, म्हणून दोन्ही सालं लिहितात. समजा नोंदवहीत लग्न 2 एप्रिल 1640 आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा 10 जानेवारी 1640. आजच्या डोळ्यांनी वाचलं तर मूल लग्नाआधीचं, म्हणजे औरस नाही, म्हणजे वारसही नाही. खरं तर ती जानेवारी आपल्या हिशेबाने 1641 ची, लग्नानंतर नऊ महिन्यांची. एका तिरप्या रेघेवर एका मुलाची पदवी अवलंबून असते.

नंतरच्या आवृत्त्यांत बर्कची साफसफाई झाली, हे खरं. ती का करावी लागली, हे वरती आलं आहे. फ्रान्स-जर्मनी आलं नाही, तेही खरं, लेख चार हजार शब्दांचा आहे, विश्वकोश नाही. जर्मनीत 1919 नंतर पदव्या नावाचा भाग झाल्या, ऑस्ट्रियाने त्याच साली ‘फॉन’सुद्धा काढून टाकलं, तिथले कागद वेगळे, पद्धत वेगळी. कधीतरी लिहीन, पण आपण मागितलं म्हणून नाही.

शीर्षकातला ‘युरोप’ मी काढत नाही. इंग्लंड युरोपातच आहे. 1640/41 मूळ लेखात तसंच राहील.