तहात हरण्याची भीती

१० मे २०२५ रोजी बेलफास्टात दुपारचा एक वाजायला आला होता, तिकडे संध्याकाळ. भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाल्याचं अमेरिकेच्या अध्यक्षांनी परस्पर जाहीर करून टाकलं आणि पाठोपाठ आमच्या घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या मामेभावाचा निरोप आला : "आपण युद्धात जिंकतो आणि तहात हरतो. कायमचंच आहे हे." पहलगामला मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्राचे सहा होते, त्यांतले तिघे डोंबिवलीचे. त्याच्या रागाला मी काय उत्तर देणार? दिलं नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण चौदा वर्षं मी ज्या बेलफास्टात राहते आहे ते एका तहावरच, १९९८ च्या गुड फ्रायडे करारावर, उभं आहे.

आपल्या भाषेत वाटाघाट करणाऱ्याला चांगलं नाव नाही. दोघांत समेट घडवला तर लोक म्हणतात मांडवली केली. बंद दाराआड बोलणी झाली की सेटिंग. तडजोड हा शब्द तर आपण शरमेच्या वाटेवरच नेऊन ठेवलाय. आझाद मैदानावरचं उपोषण असो नाहीतर सीमेवरचा गोळीबार, कोणी मधे पडून तो थांबवला की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न ठरलेला : आत काय ठरलं, कोण विकलं गेलं? या प्रश्नातला अर्धा भाग मला रास्त वाटतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहायचं आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनबरोबर राहू पाहणारे युनियनिस्ट, बहुतेक प्रोटेस्टंट, आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे, बहुतेक कॅथलिक, यांच्या झगड्यात तीस वर्षांत साधारण साडेतीन हजार माणसं मेली. त्या काळात डेरी शहरात ब्रेंडन डडी नावाचा एक माणूस फिश अँड चिप्सचं दुकान चालवत होता. दुकानात बर्गरचं मांस पोचवायला एक तरुण पोरगा यायचा, मार्टिन मॅकगिनेस. तो पुढे आयआरएचा, ब्रिटिश सत्तेविरुद्ध शस्त्र उचललेल्या संघटनेचा, मोठा नेता झाला. डडी स्वतः हिंसेच्या ठाम विरोधात. पण त्याला दोन्हीकडची माणसं ओळखत होती, आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याचे मायकल ओटली त्याच्यापर्यंत पोचले. पुढची सुमारे वीस वर्षं लंडन आणि आयआरए यांच्यातले निरोप या माणसामार्फत ये-जा करत राहिले. १९७५ ची शस्त्रसंधी, १९८१ चं तुरुंगातलं उपोषण, नव्वदीची सुरुवात, प्रत्येक वेळी डडी मधे होता. गावात कोणाला पत्ता नाही. एवढं गुपित पोटात ठेवून रोज दुकान उघडायचं, त्याच गिऱ्हाइकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, हे कसं जमलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

१ नोव्हेंबर १९९३ ला पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत सांगितलं की आयआरएवाल्यांशी बोलायला बसायचं म्हटलं तरी आपल्या पोटात ढवळेल. महिना संपायच्या आत एका रविवारच्या वर्तमानपत्राने छापलं की सरकार त्यांच्याशी गुप्तपणे बोलतच होतं. मोठा गदारोळ झाला. सरकारच्या म्हणण्यानुसार आयआरएकडून निरोप आला होता की लढाई संपली आहे, ती थांबवायची कशी ते सुचवा. मॅकगिनेसने असा निरोप पाठवल्याचं साफ नाकारलं. मग तो लिहिला कोणी? संशयाची सुई मधल्या माणसावर आली आणि डडीला आयआरएच्या लोकांनी त्याच्याच घरात तासन्‌तास फैलावर घेतलं. मध्यस्थाला कोणाचं संरक्षण नसतं. दोन्ही बाजूंना त्याची गरज असते, पण त्याच्यावर पुरता भरवसा कोणाचाच नसतो. २००८ मध्ये त्याचं काम जगापुढे आलं, २०१७ मध्ये तो गेला.

मेजर खोटं बोलले का? बोलले. मला त्याचं समर्थन करायचं नाही. पण त्या खोट्याच्या आड जी तार चालू राहिली तिच्याशिवाय ऑगस्ट १९९४ ची शस्त्रसंधी आली असती असं मला वाटत नाही. ज्याच्यावर आपल्या माणसांच्या खुनाचा ठपका आहे त्याच्याशी उघड्यावर बोलणारा पुढारी दुसऱ्या दिवशी पुढारी राहत नाही. इथल्या दोन्ही बाजूंना हे कळत होतं.

पुढच्या वाटाघाटी अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. जून १९९६ ते एप्रिल १९९८, म्हणजे बावीस महिने. युनियनिस्टांचे नेते डेव्हिड ट्रिंबल समोर बसलेल्या गेरी ॲडम्सशी, आयआरएच्या बाजूच्या शिन फेन पक्षाच्या नेत्याशी, एक शब्दही थेट बोलत नसत. जे काय बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. मिचेल ऐकत राहिले. शेवटी त्यांनी मुदत घातली, ९ एप्रिलची मध्यरात्र. ती उलटली. दुसऱ्या दिवशी मसुदा हातात आला तेव्हा ट्रिंबलचे सहकारी आयआरएच्या शस्त्रांच्या मुद्द्यावर अडून बसले. मसुद्याला हात लावला असता तर सगळंच उसवलं असतं. म्हणून टोनी ब्लेअरनी ट्रिंबलना वेगळं पत्र लिहून दिलं आणि मसुदा होता तसाच राहिला. पडद्याआडच्या कामाचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. एका पत्राने एका माणसाला आपल्या लोकांसमोर उभं राहण्यापुरती जागा मिळाली.

आता माझ्या शेजारच्या आजींकडे येते. त्या ऐंशीच्या पुढच्या, प्रोटेस्टंट. सत्तरीच्या दशकात त्यांचा भाऊ मारला गेला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खणात विजेची बिलं, रबरबँड आणि सुतळीच्या गुंड्याखाली एक पातळ पुस्तिका आहे. मुखपृष्ठावर समुद्रकाठी उभ्या कुटुंबाच्या काळ्या आकृत्या, मागे सूर्य. हा तो करार. सरकारने तो उत्तर आयर्लंडमधल्या घराघरात पाठवला होता. कैद्यांना दोन वर्षांत सोडण्याचं कलम ज्या पानावर आहे, त्या पानाची कड मऊ पडली आहे. "हे पान मी पुन्हा पुन्हा वाचलं," त्या मला म्हणाल्या. "दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग जाऊन हो म्हणून आले." त्यांच्या भावाला मारणारा सुटलेल्यांत असेल का, हे मी विचारलं नाही.

२२ मे १९९८ च्या सार्वमतात इथे ७१.१ टक्के लोकांनी हो म्हटलं. मला घरच्या लोकांना सांगायचंय ते हेच. बोलणी गुप्त होती, करार गुप्त नव्हता. तो टपालाने घरी आला, ज्यांचं सर्वात जास्त गेलं होतं त्यांच्या हातात पडला आणि नाही म्हणायचा हक्क त्यांना मिळाला. "आत काय ठरलं" या प्रश्नाचा रास्त अर्धा भाग हा. "बोललातच का" हा दुसरा अर्धा भाग मात्र माणसं मारत राहतो.

इथे सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. कराराला जेमतेम चार महिने होतात तोच, १५ ऑगस्टला, ओमाला बॉम्बने २९ माणसं मेली. विधानसभा कित्येकदा बंद पडली. प्रोटेस्टंट शँकिल आणि कॅथलिक स्प्रिंगफील्ड रस्त्यांच्या मधलं लॅनार्क वेचं फाटक आजही रात्री बंद होतं, आणि एप्रिल २०२१ मध्ये त्याच्याजवळच पोरांनी बस पेटवली होती. पण २००७ साली कट्टर युनियनिस्ट इयन पेझली आणि बर्गर पोचवणारा मॅकगिनेस एका सरकारात शेजारी बसले, हेही खरं आहे.

मामेभावाशी फोनवर बोलले तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे सगळा मामला एकाच राज्यातला. इथे समोर दुसरा देश आहे, त्याचं लष्कर आहे." त्याचं खरं आहे. काश्मीरवर तिसरा नको ही १९७२ च्या सिमला करारापासूनची आपली भूमिका मला पटते. दोन्ही बाजूंनी आपल्या लोकांना तयार करण्याआधीच जगाला ओरडून सांगणारा माणूस डडीच्या जातीचा मध्यस्थ नव्हेच. पण तिसरा नको म्हणजे बोलणीच नकोत असं होत नाही. मनमोहन सिंग यांच्या काळात त्यांचे विशेष दूत सतिंदर लांबा पाकिस्तानच्या तारिक अझीझ यांना परदेशांतल्या हॉटेलांत गुपचूप भेटत होते. आणि स्वतःच्या देशात तर आपण हे करून दाखवलंय : १९६६ मध्ये ज्यांचं बंड मोडायला ऐजॉलवर आपल्या हवाई दलाने बॉम्ब टाकले, ते लालडेंगा १९८६ च्या करारानंतर मिझोरमचे मुख्यमंत्री झाले. मिझोरम हरला की आपण हरलो? मामेभाऊ यावर गप्प राहिला. मीही ताणलं नाही.

त्याला मी मग जयकरांबद्दल सांगितलं. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात त्याने एमए करताना दोन वर्षं काढली, पण हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर कोण हे त्याने कधी विचारलं नव्हतं. १९३० च्या उन्हाळ्यानंतर, मिठाच्या सत्याग्रहातले सगळे मोठे पुढारी तुरुंगात असताना, जयकर आणि तेजबहादूर सप्रू व्हाइसरॉय आयर्विन यांची परवानगी घेऊन येरवड्याला गांधीजींकडे आणि नैनीला नेहरू पितापुत्रांकडे खेपा घालत होते. ऑगस्टमध्ये नेहरूंना खास गाडीने येरवड्याला आणवलं. बोलणी फिसकटली. दोघांनी झालेला सगळा पत्रव्यवहार छापून लोकांसमोर ठेवला आणि गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघून गेले. फेब्रुवारीत बोटीने परत आले ते थेट अलाहाबादला, काँग्रेसच्या नेत्यांना भेटायला. ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करारावर सह्या झाल्या.

"मग तेव्हाही लोक म्हणाले असतील ना, तहात हरलो म्हणून?" मामेभावाने विचारलं.

म्हणाले होते. भगतसिंगांची फाशी त्या करारात अडली नाही, आणि काँग्रेसच्या अधिवेशनासाठी कराचीला गेलेल्या गांधीजींचं स्वागत काळ्या फुलांनी झालं. तेही मी त्याला सांगितलं.