हॉस्पिटलसारखं दिसतं म्हणे!

दुपारपासून डोकं सणकलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

आमच्या समोरच्या काकूंकडे संडासाचं काम निघालंय. जुनं इंडियन भांडं काढून कमोड बसवतायत. काकूंचं वय 74, दोन्ही गुडघे गेलेले, काठी लागते. मी डबा द्यायला गेले तर कंत्राटदार मोबाइलवर टाईल्स दाखवत उभा. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, भिंतीला धरायला एखादी दांडी बसेल का?" त्याने मान वर न करता सांगितलं, "काकू, दांडी लावली की हॉस्पिटलसारखं दिसतं. सगळा लुक जातो."

काकू म्हणाल्या, "बरं."

हे "बरं" मी ओळखते. आईच्या तोंडून दोन वर्षं ऐकलंय.

2015 साली आई चिपळूणचं घर बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. आमची बिल्डिंग 1986 ची. संडास वेगळा, बाथरूम वेगळं, आणि संडासात एक पायरी चढून वर भांडं. खाली ट्रॅपला, म्हणजे पाणी अडवून वास रोखणाऱ्या वाकड्या पाईपला, जागा हवी म्हणून जुन्या बिल्डिंगांत असा ओटा करायचे. आई चहाची भोक्ती. सकाळी दोन कप, चार वाजता एक, कुणी आलं की आणखी एक. इकडे आल्यावर हळूहळू ती अर्ध्या कपावर आली. विचारलं की म्हणायची, "आता जात नाही गं पूर्वीसारखा." संध्याकाळी सातनंतर पाण्याला शिवायची नाही. लग्नकार्याला चल म्हटलं की, "तुम्ही जाऊन या." आणि मी हे सगळं वयावर ढकललं.

त्याच काळात संडासातला नळ सारखा ढिला व्हायचा. गुडघ्याच्या उंचीवरचा साधा पितळी नळ, टमरेल भरायचा. मी दोनदा प्लंबर बोलावून तो घट्ट करून घेतला, वॉशर बदलून घेतला. दुसऱ्या वेळी आईवर चिडलेसुद्धा, "एवढा जोरात कशाला पिळतेस?" ती म्हणाली, "बरं."

मग 2017 च्या पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप आला. लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?" आई गप्प. परत येताना रिक्षात, बाहेर बघत, म्हणाली, "उठताना तो नळ धरते मी. सारखं उठायला नको, म्हणून कमी पिते."

नळ पिळून ढिला होत नव्हता. माझ्या आईचं सगळं वजन त्या नळावर येत होतं. आणि मी दोनदा पैसे देऊन त्याची दुरुस्ती केली, तिला एकदाही विचारलं नाही.

म्हणून मला त्या "लुक"चा राग येतो. संडास काय दिवाणखाना आहे, पाहुण्यांना दाखवायला? दिवसातून सात-आठ वेळा तिथे कोण जाणार आहे, रात्री तीन वाजता अंधारात कोण चाचपडणार आहे, ते माणूस समोर उभं राहून विचारतंय आणि त्याला लुक सांगायचा! सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांसाठीच्या संडासाचे जे सरकारी निकष आहेत, त्यांत कमोडशेजारी दांडी लागते. घरात मात्र म्हाताऱ्या बाईने टॉवेलच्या रॉडला धरून उठायचं. तो रॉड प्लास्टिकच्या गिट्टीत दोन बारीक स्क्रूवर असतो. ओला टॉवेल झेपतो त्याला, माणूस नाही.

आमच्याकडे काम केलं ते नाक्यावरच्या एका प्लंबरदादांनी. मी दुकानात जाऊन एक सुंदर कमोड पसंत करून आले होते. ते म्हणाले, "ताई, थांबा, आधी पाईप बघू." आमचा पाईप ओट्यातून आडवा बाहेरच्या भिंतीत जाणारा, म्हणजे पी-ट्रॅप हवा. मी पसंत केलेला एस-ट्रॅप, जमिनीत जाणारा. आणि एस-ट्रॅप असला तरी जमिनीतला पाईप भिंतीपासून 9 इंचांवर आहे की 12 इंचांवर हे बघावंच लागतं, नाहीतर नवं भांडं बसतच नाही. दुकानदाराने मला रंग विचारला होता, पाईप कुठे जातो ते नाही.

मग त्यांनी आईला बोलावलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल आणून त्यावर तिला बसवलं. "आजी, आता उठा." जमेना. स्टुलाखाली फरशीचे तुकडे सरकवले, परत बसवलं. आणखी एक थर. तिसऱ्यांदा आई स्वतःची स्वतः उठली आणि म्हणाली, "इथे जमतंय." त्यांनी टेप लावली. 18 इंच. "सीटसकट एवढं हवं," म्हणाले. मग तिला म्हणाले, "उठताना हात आपोआप कुठे जातो तो भिंतीवर ठेवा." आईने हात ठेवला आणि त्यांनी तिच्या बोटांभोवती पेन्सिलने खूण केली. लहान मुलं वहीत स्वतःच्या पंजाभोवती करतात ना, तशी. दांडी त्या खुणेवर बसली, भिंत ठोकून बघून, स्टीलच्या फास्टनरवर. मग त्यांनी स्वतः दांडीला लटकून बघितलं.

ओटा फोडून जमीन सपाट केली. खालच्यांच्या छताला ओल नको म्हणून वॉटरप्रूफिंग केलं आणि गळतं का बघायला पाणी साठवून ठेवलं. जेट मागे न लावता उजव्या हाताला पुढे घेतला, कारण म्हाताऱ्या माणसाला वळून मागचं घेता येत नाही. दार आत उघडायचं, ते बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं आणि दाराला आडवं झालं तर आत उघडणारं दार ढकलणार कसं? हे मला कुठल्या आर्किटेक्टने नाही शिकवलं. दांडी हजाराच्या आत आली.

उकिडवं बसणं पोटाला चांगलं, हे सांगायला कुणीतरी येईलच. असेल चांगलं. ज्याला उठता येतं त्याला.

कंत्राटदारावर मघाशी फार चिडले मी. त्याला तरी किती बोलू? फोटो मागणारं गिऱ्हाईक असतं, तो फोटोत चांगलं दिसेल ते देतो. काकूंचा मुलगा बंगलोरहून व्हॉट्सॲपवर टाईल्स निवडतोय. चांगला आहे हो मुलगा. स्वतः खर्च करतोय, आईला त्रास नको म्हणूनच करतोय. मी तर त्याच घरात राहत होते, तरी मला दोन वर्षं कळलं नाही. आपल्या बायका हे बोलतच नाहीत. गुडघा दुखतो म्हणतील, झोप नाही म्हणतील. संडासात उठवत नाही, हे पोटच्या पोरीलाही सांगणार नाहीत. कधीकाळी विचारलंच, तर एकदाच विचारतील आणि तुम्ही नाही म्हणालात की "बरं" म्हणतील.

आमचं काम चालू होतं तो आठवडाभर आई समोर काकूंकडेच जायची. काकूंचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. त्या दाराबाहेर उभ्या राहायच्या, अगदी पहाटे पाचलासुद्धा, आणि म्हणायच्या, "वहिनी, मी आहे इथे. सावकाश होऊ द्या." जाताना आई लाजायची, तर काकू म्हणायच्या, "चहा टाकलाय, पिऊनच जा." त्या आठवड्यात आई त्यांच्याकडे पूर्ण कप चहा पिऊन यायची.

आई 2021 साली गेली. दांडी आहे. आता सकाळी माझाच हात तिथे जातो.

काकूंच्या मुलाला मी संध्याकाळी फोन केला. म्हणाला, "अगं मावशी, मला आई काही बोललीच नाही." टाईल्सचं काम त्याने एक दिवस थांबवायला सांगितलंय. उद्या दहाला कंत्राटदार येणार आहे. मी साडेनऊलाच स्टूल आणि पेन्सिल घेऊन काकूंकडे जातेय. प्लंबरदादांनाही बोलावलंय.