काका, तो कोळसा नाही आणि इकडे येतही नाही

चार दिवस आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'अवकाशात ५३ किलोमीटरचा कोळशाचा डोंगर, नाव मॅथिल्ड. पृथ्वीकडे निघालाय, नासानं लपवलंय, सोलापूरचा यंदाचा उन्हाळा त्याच्यामुळेच.' खाली जोडलेले हात. पाठवणारे काका मला लहानपणापासून ओळखतात, म्हणून नीट उत्तर देतो.

आकार बरोबर आहे. इथून तुळजापूर गाठून वर थोडं.

लपवल्याचं म्हणाल, तर हा लघुग्रह व्हिएन्नात योहान पलिसा यांना १२ नोव्हेंबर १८८५ रोजी दिसला. तेव्हा आपली जुनी मिल सुरू होती आणि नासा जन्मायला ७३ वर्षं बाकी होती. पुढे २७ जून १९९७ ला नासाचंच निअर यान त्याच्यापासून १,२१२ किलोमीटरवरून गेलं, फोटो जगजाहीर झाले. लपवायची ही भलतीच तऱ्हा!

पृथ्वीकडे? तो मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला. सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हाही २९ कोटी किलोमीटरवर असतो. आपण १५ कोटींवर.

कोळशाबद्दल मात्र काकांना पूर्ण दोष देववत नाही. अंगावर पडलेल्या उजेडातला शेकडा चारच तो परत पाठवतो, म्हणजे काळा कुळकुळीत. पण दगडी कोळसा झाडपाला गाडला जाऊन बनतो. तिथे झाडं कुठली? तो कार्बनयुक्त दगड आहे, सूर्यमाला घडतानाचा उरलेला माल. तोही भरीव नाही. जवळून जाताना यानाचा मार्ग किती ढळला, त्यावरून वजन काढलं, तर घनता पाण्याच्या १.३ पट निघाली. अशा दगडाच्या मानानं फारच हलका, म्हणजे आत निम्म्याच्या आसपास पोकळी. आणि गंमत म्हणजे त्याच्यावरच्या विवरांना जगभरच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यांची नावं दिलीत. एकाचं नाव चक्क दामोदर! ती यादी कुणीतरी अर्धवट वाचली असावी, असा माझा अंदाज.

राहिला उन्हाळा. काळी वस्तू ऊन शोषते, पण तापते ती स्वतः. आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात लावू देत नाही. म्हणून समोरच्या बिल्डिंगीत नळाला उकळी फुटत नाही. आणि ती बिल्डिंग तर वीस पावलांवर आहे, काका.