सिंह कळपातच राहतो

महिनाभर आमच्या लातूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच पोस्ट फिरतेय. 'सिंह एकटा चालतो, कळप मेंढरांचा असतो. समाज दुबळ्यांनी आपल्या सोयीसाठी बनवला, निसर्गात दुबळा जगत नाही. समाज फक्त बंधनं घालतो. म्हणून आपली अडचण कधी कुणाला सांगू नका.' मी वाचून सोडून दिली होती. परवा तीच पुतण्याच्या स्टेटसला दिसली आणि राहवलं नाही.

सिंहाचं आधी. मांजरकुळात खऱ्या अर्थानं कळप करून राहणारा प्राणी सिंहच. सिंहिणी मिळून शिकार करतात, एकमेकींच्या छाव्यांना दूध पाजतात. नरसुद्धा बहुधा भावाभावांच्या जोडीनं कळप राखतात. एकटा राहतो तो बिबट्या. लिहिणाऱ्यानं एवढंही पाहिलं नाही.

'दुबळा जगत नाही' म्हणे. इराकी कुर्दिस्तानातल्या शनिदार गुहेत राल्फ सोलेकी या पुरातत्त्वज्ञांना १९५७ साली एका निअँडरथल माणसाचा, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मानवजातीतल्या एकाचा, सांगाडा सापडला. उजवा हात वाळलेला, त्याचा खालचा भाग नाहीच. डाव्या डोळ्याजवळचं हाड चेचलेलं, पाय अधू. आणि या जखमा जुन्या, भरून आलेल्या. म्हणजे तशा अवस्थेत हा माणूस कितीतरी वर्षं जगला, चाळिशीपर्यंत पोचला. शेती नव्हती, राजा नव्हता, तेव्हाही त्याच्या वाट्याचा घास कुणीतरी काढून ठेवतच असणार. आणि धडधाकट माणसाचं तरी काय? शेळीचं करडू तासाभरात उभं राहतं. आपल्याला पाऊल टाकायला वर्ष लागतं. ते वर्ष आपण दुसऱ्याच्याच कडेवर काढलेलं असतं.

बंधनांचं मात्र नाइलाजानं मान्य करतो. वेगळे पाणवठे, जातपंचायतीचे दंड, वाळीत टाकणं हे समाजानंच केलं. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पण माणसाला एकट्यानं जगता आलं असतं, तर वाळीत टाकणं ही शिक्षा ठरलीच नसती.

राहिलं शेवटचं वाक्य. ते मराठवाड्यात पसरवणाऱ्यांचा मला संताप येतो. इथे किती घरांत माणूस गेल्यावर कळलं की डोक्यावर एवढं कर्ज होतं! शेजाऱ्याला माहीत नाही, बायकोला माहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंपानं दगडमातीची घरं बसली, तेव्हा ढिगाऱ्याखालून जी माणसं जिवंत निघाली ती कुणीतरी माती उपसली म्हणून. त्यांनाही सांगायचं का, हाक मारू नका?

पुतण्याला फोन केला. "कुणाचं कुणी नसतंय काका," एवढंच म्हणाला. काल सकाळी गावी गेलो. बांधावर बसल्यावर हळूहळू बोलला. सोयाबीन पाण्यात गेलं, सावकाराचं देणं आहे, हरभरा पेरायला हातात पैसा नाही. दीड महिना घरात कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी भावकीतल्या दोघांना बोलावलं. एकानं बियाणं देतो म्हटलं, दुसऱ्याची बैलजोडी वारंगुळ्यानं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम अशा बोलीवर, ठरली. देण्याचं अजून तसंच आहे, सोमवारी त्याच्यासोबत बँकेत जाणार आहे.

स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेलं. पोस्ट मात्र आज सकाळी मला पुन्हा तिघांकडून आली.