बैठका नकोत, खर्चाचं सूत्र ठरवा

शेजारच्या महापालिका, नगरपरिषदा, ग्रामपंचायतींनी हातमिळवणी केली तरच सगळ्या पट्ट्याची भरभराट होईल, हा लेखातला मुद्दा पटला. पण निव्वळ समन्वय बैठका घेऊन काय होणार? चहा-बिस्किटं संपतात आणि जो तो आपल्या हद्दीत परत.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडची सामाईक बससेवा, पीएमपीएमएल, बघा. २००७ साली दोन्ही शहरांच्या वेगवेगळ्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, एकत्र आल्या. तूट पुण्याने ६० टक्के, पिंपरी-चिंचवडने ४० टक्के भरायची. कुरकुर कायमचीच, पण कुणाच्या खिशातून किती जाणार हे तरी ठरलेलं आहे.

हिंजवडीत नेमकं हेच नाही. वाकड ओलांडलं की पिंपरी-चिंचवड महापालिका संपली. पुढे आयटी पार्क एमआयडीसीचा, गावठाण ग्रामपंचायतीचं, नियोजन पीएमआरडीएचं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. ओढा बुजला तर दाद कुणाकडे मागायची? रोजगार साऱ्या पुण्याला, कचरा मात्र शेजारच्या माण-मारुंजी गावांच्या दारात!

घटनेच्या २४३ झेडई कलमात महानगर नियोजन समितीची तरतूद आहे, किमान दोन तृतीयांश सदस्य पालिका-पंचायतींच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले. तिच्याकडून आधी खर्चवाटपाचं सूत्र घ्या. नाहीतर आहेच आपली हद्दवाढ, २०२१ मध्ये २३ गावं एका फटक्यात पुण्यात घेतली तशी.