फांदी पडली, पुढे काय?

मे संपत आला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोनच विषय असतात: पाऊस कधी, आणि छाटणी. छाटलेल्या फांद्यांच्या ढिगाचा पेपरातला फोटो सगळ्यांनीच पाहिला होता, त्यामुळे या फांद्यांचं करायचं काय, या वादाला प्रस्तावना लागली नाही.

"उचलायचं आणि डम्पिंगला टाकायचं, त्यात चर्चा कसली?" सेक्रेटरीनं सुरुवात केली. सोसायटीचं पद त्याच्याकडे इतकी वर्षं आहे की त्याचं खरं नाव कट्ट्यावर कोणी घेत नाही. बोलतोही तो सूचनाफलकासारखा. "माझा मुद्दा एक. कंपाउंड स्वच्छ. मुद्दा दोन. कंपाउंड स्वच्छ."

"डम्पिंगला टाकून काय होतं ते 2016 च्या जानेवारीत देवनारच्या पेटलेल्या डम्पिंगनं दाखवलं," शैला म्हणाली. "खिडक्या लावून बसला होतास ना? कचऱ्याखाली दबलेल्या पाल्याला हवा लागत नाही, त्याचा मिथेन होतो. एक ठिणगी पुरते. आणि त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं: बागेचा कचरा वेगळा ठेवायचा, उघड्यावर जाळायचा नाही."

"आमचा वॉचमन जाळत नाही. फक्त शेकतो."

"मे महिन्यात?"

दिगू पहिल्यांदा हसला तो इथे. दिगूची छाटणीची टोळी आहे. दोर, करवती, टेम्पो सगळं स्वतःचं. त्याचं म्हणणं वेगळं होतं आणि ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. "शैला, तुझं बरोबर आहे. पण माझा माणूस वर दोराला लटकलाय, खाली रस्ता अडलाय, गाड्या हॉर्न मारतायत. मी तिथे पानं निवडत बसू?"

"निवडू नकोस. पडतील तशीच वेगळी टाक. निवडायला लागतं ते एकत्र भरल्यावर." मग तिनं बोटांवर मोजायला घेतलं. पाला आणि बोटाएवढ्या काड्या एका ताडपत्रीवर. मनगटाएवढ्या फांद्या दुसरीकडे, बुडं सगळी एका बाजूला करून, म्हणजे चिपरमध्ये, फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या मशिनीत, घालताना ओढाताण होत नाही. मांडीहून जाड ते ओंडके. नारळाच्या झावळ्या कशातच मिसळायच्या नाहीत. आणि रोगट माल गोणीत बंद. "खाली दोन माणसं जास्त लागतील, पण टेम्पोच्या फेऱ्या वाचतील. मोकळ्या फांद्यांच्या टेम्पोत बहुतेक हवाच भरलेली असते. तोच माल चिपरमधून काढला की चार-पाच पटींनी तरी बसतो."

मला विचाराल तर वादाचा निकाल इथेच लागला होता. शहरातल्या झाडकचऱ्याचं सगळं दुखणं हे एकत्र भरण्यात आहे. ओला पाला, झावळ्या, ओंडके आणि प्लास्टिक एका ट्रकात गेलं की त्यातलं काहीच कोणाच्या कामाचं उरत नाही. पण कट्ट्यावर निकाल लागला म्हणून कोणी उठून जात नाही.

चिपर म्हटल्यावर दिगूची जुनी जखम उघडली. "पाती कोणी तोडली माझी? सांगू?"

सेक्रेटरी समुद्राकडे बघायला लागला.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सेक्रेटरीनं दिवाळीला गुलमोहराला माळा गुंडाळल्या, खिळ्यांनी ठोकल्या आणि काढल्या नाहीत. दोन वर्षांत साल वरून भरून आली. बाहेरून खिळा दिसेना, तार दिसेना. फांदी मशिनीत गेली आणि दोन्ही पाती दातरली. "तेव्हापासून मी आधी हात फिरवतो," दिगू म्हणाला. "साल कुठे फुगलेली, कुठे काळा ओघळ आलेला, तिथे लोखंड समजायचं. तेवढा तुकडा बाजूला. केबलवाल्यांची तार, पतंगाचा मांजा, पाट्यांचे खिळे, मुंबईच्या झाडात काय नसतं? म्हणून आरागिरणीवाला शहरातलं लाकूड बघून आधी हात जोडतो."

"आणि धार?" मास्तरांनी विचारलं. मास्तर प्रश्न विचारतात आणि उत्तर मनात पाठ करतात, शाळेची सवय.

"आठ-दहा तास चाललं की पाती काढून धार. बोथट झाली की चिपा पडत नाहीत, दोऱ्या पडतात, आणि तोंड तुंबतं. फांदी ओली असतानाच घालायची, दोन दिवसांत. वाळली की तीच फांदी मशीन घेत नाही. झावळी तर छोट्या मशीनला दाखवायचीसुद्धा नाही. तिचे धागे आतल्या फिरत्या रोटरला गुंडाळले जातात, मग मशीन उघडून सुरीनं कापत बसा."

"हीर काढून खराटे करायचे," शैला म्हणाली. "पूर्वी वाडीत हेच व्हायचं. उरलेल्या पात्या कोयत्यानं हात-हातभर तोडून खड्ड्याच्या तळाला. खालून हवा खेळते, पाणी निचरतं."

सेक्रेटरीनं सूर बदलला. "खत म्हणजे वास. वास म्हणजे तक्रार. मुद्दा तीन."

"वास खताला येत नाही, कुजवणाऱ्याच्या आळसाला येतो." हे शैलाचं वाक्य मी त्या दिवसापासून तीन जणांना ऐकवलंय. पुढचं तिनं सावकाश सांगितलं, आणि एरवी मध्ये तोंड घालणारा दिगूही गप्प ऐकत होता. ढीग मीटरभर लांब, रुंद, उंच तरी हवा. त्याहून लहान ढीग आतून तापत नाही. सुक्या पाल्याच्या तीन टोपल्या, वर ओल्याची एक: भाजीची देठं, शेण, हिरवं गवत. सुक्या पाल्यात नत्रापेक्षा कार्बन पन्नास-साठ पट असतो, लाकडाच्या चिपांत तर दोनशेच्या वर, आणि जिवाणूंना हवा असतो पंचवीस ते तीस पट. म्हणून नुसता पाला वर्षभर तसाच पडून राहतो आणि नुसतं ओलं सडतं. मूठ आवळून बघायची: बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर सुका पाला घाला. तीन-चार दिवसांत आतलं तापमान 55 अंशांच्या वर जायला हवं. लोखंडी सळई खुपसून ठेवा, काढल्यावर हातात धरवली नाही तर समजा काम चालू आहे. आठवड्यानं उलथायचं. बाहेरचं आत, आतलं बाहेर. अडीच-तीन महिन्यांत ढीग तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

"पान कुठलंही चालतं?"

"नाही मास्तर. रेन ट्रीचं, गुलमोहराचं बारीक पान पटकन जिरतं. आंबा, वड, देशी बदाम ही चिवट. ती आधी मशीनमधून काढा, नाहीतर चपात्यांसारखी एकावर एक चिकटतात आणि मध्ये हवाच जात नाही. जूनच्या आत ढिगावर पत्रा हवा. मुंबईचा पाऊस उघड्या ढिगाचा चार तासांत चिखल करतो, आणि मग सेक्रेटरीचा वास खरा ठरतो."

"बघा! मी म्हणालो होतो!"

"तू पत्रा लावू दिला नाहीस म्हणून!"

मग चिपांवर आलं. दिगूनं मान्य केलं की तो चिपा फुकट वाटतो आणि लोक त्या मातीत कालवतात. शैलानं कपाळाला हात लावला. "मातीत नाही रे, मातीवर! कालवल्या की त्या कुजवायला जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. वर पसरल्या तर काही होत नाही. दोन ते चार इंच जाड, आणि खोडापासून चार-सहा इंच जागा मोकळी. खोडाला टेकवून ढीग केला की साल ओली राहते, बुरशी शिरते."

"वाळवी?" सेक्रेटरी.

"भिंतीपासून फूटभर लांब ठेव. चिपा उलथल्या की वाळवी दिसते, फरशीखाली दिसत नाही. आधी झाडाभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढ. आळ्याला दोन इंचांचा काठ कर, नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात चिपा गटारात आणि तू माझ्या दारात."

रोगट मालाबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. झाडाचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणानं मुंबईचे किती रेन ट्री खाल्ले ते सगळ्यांनी पाहिलंय. तसल्या फांद्या दुसऱ्या झाडाखाली पसरायच्या नाहीत, नीट तापलेल्या ढिगातच घालायच्या. बुंध्याशी बुरशीची छत्री आलेली असेल तर करवत स्पिरिटनं पुसल्याशिवाय पुढच्या झाडाला लावायची नाही. करवतीच्या साखळीवरचं तेल तर सगळंच मातीत उडतं, म्हणून दिगूनं गाडीचं जळकं तेल घालणं सोडलंय. वनस्पती तेल वापरतो आणि संध्याकाळी साखळी धुतो, कारण ते तेल ठेवलं की चिकट होतं.

"पण मुळात एवढ्या फांद्या पडतातच का?" मास्तर बोलले आणि सगळे त्यांच्याकडे वळले. "मागच्या आठवड्यात तुमच्या गेटजवळ वाळकी फांदी पाडली, तिच्यात तांबट पक्ष्याचं घर होतं."

दिगू खाली बघत म्हणाला, "ते मी नव्हतं. मी गोल भोक दिसलं की थांबतो."

शैलाचा आवाज चढला. "शेंडा उडवला की झाड घाबरून धुमारे फोडतं. ते वरवर चिकटलेले असतात, तीन-चार वर्षांनी वाऱ्यात मोडतात, मग परत छाटणी, परत ट्रक. खरी बचत कमी कापण्यात आहे. आणि कापायचं तर तीन घावांत. फूटभर लांबून खालून एक तृतीयांश, मग थोडं बाहेरून वरून आरपार, म्हणजे साल सोलत खोडापर्यंत जात नाही. शेवटी उरलेला खुंट, बुडाशी जो फुगीर पट्टा असतो त्याच्या बाहेरून. जखम झाड स्वतः भरतं. वर डांबर नको, गेरू नको. परवानगीशिवाय तर करवत काढायचीच नाही, झाडं जपण्याचा 1975 चा कायदा आहे. आणि एका वेळी एक चतुर्थांशाच्या वर कापायचं नाही म्हणजे नाही!"

मास्तर ओठ हलवत होते. पाठांतर चालू होतं. तेवढ्यात चहावाला पोरगा किटली घेऊन कट्ट्याशी आला.

"काका, कटिंग किती?"

"एक चतुर्थांशाच्या वर नाही!" मास्तर ओरडले.

पोरगा किटली धरून उभाच राहिला. सेक्रेटरी इतका हसला की त्याला ठसका लागला, दिगू त्याची पाठ चोपत म्हणाला, "हळू, फांदी मोडेल," आणि चहाचे पैसे शेवटी शैलानंच दिले.